राजसबाईंचा पहिला पिझ्झा

पिझ्झ्यातलं मला कळतं. हे मी स्वतःच सांगतेय, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगत नाही.

माहेर मिरजेचं. तिथल्या बेकरीत जाड, किंचित गोडसर पावावर टोमॅटोचा सॉस, बारीक कांदा आणि ढोबळी मिरची घालून, तव्यावर झाकण ठेवून, खालून खरपूस झालेला पिझ्झा मिळायचा. वर किसलेलं चीज इतकं की खाली काय आहे ते दिसू नये. भाऊ बडोद्याला असतो, तिकडे पिझ्झ्यावर अननसाच्या फोडी आणि खारे शेंगदाणे घालतात. आधी मी नाक मुरडलं होतं, नंतर दुसरा मागवला. मुलगा शिकागोला आहे. तिथला पिझ्झा खोल भांड्यात भाजतात, चीज खाली आणि सॉस वर, आणि काट्याचमच्याने खावा लागतो. टूरबरोबर इटलीला गेलो तेव्हा नेपल्सचाही खाल्ला. मध्ये ओलसर, कडेला फुगलेला, काळ्या ठिपक्यांचा. चारांची तोंडं चार दिशांना, पण चारही आपापल्या जागी खरे. आणि चारांतही टोमॅटो. टोमॅटो नाही तर पिझ्झा नाही, असा माझा नियम आहे.

चेन्नईत आम्ही आलो ते ह्यांच्या नोकरीमुळे. रत्नाकर इथल्या आवडी नावाच्या उपनगरातल्या डिफेन्स फॅक्टरीत होते, आता निवृत्त आहेत. अंबत्तूरला घर घेतलं आणि इथलेच झालो. इथल्या महाराष्ट्र मंडळात पाककलेची स्पर्धा असली की परीक्षक म्हणून मलाच बोलावतात. माझी एक पद्धत आहे. पदार्थ उचलायचा, एक घास तोडायचा, उरलेला परत त्याच बशीत ठेवायचा आणि जे वाटलं ते तिथल्या तिथे बोलायचं. बायका रडल्या आहेत. पण पुढच्या वर्षी त्याच बायका आधी मला विचारायला येतात.

तर त्या रविवारी गाडीत बसल्या बसल्या मधुवंतीने, म्हणजे माझ्या मुलीने, मला बजावलं की आज परीक्षण नाही. कशाचंही नाही. शपथ घे म्हणाली. मी घेतली.

कारण तसंच होतं. तिने मुलगा पसंत केला होता. त्याचं नाव तरुण. तंजावरकडचे मराठी, तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, माध्व ब्राह्मण. घर वेस्ट मांबळमला. वडील जयतीर्थ बँकेत, आई अंबुजा शाळेत शिकवते. मुलगा शिकला हॉटेलातलं, आणि श्रीपेरुंबुदूरच्या पुढे जे मोठं वॉटर पार्क झालंय, तिथल्या इटालियन रेस्टॉरंटचा मुख्य शेफ झाला. मला आधी जरा जड गेलं. मग विचार केला, निदान स्वयंपाकघरात तरी दोघांची भांडणं होणार नाहीत.

अडचण त्याच्या आजीची होती. राजसबाई. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि त्या अजून हो म्हणाल्या नव्हत्या. नाही असंही म्हणाल्या नव्हत्या. मुलीला आणि तिच्या माणसांना पाहू दे, एवढंच म्हणाल्या होत्या. मधुवंतीने मला स्पष्ट सांगितलं होतं की आजींनी नको म्हटलं तर तरुण त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, आणि मग ती दुसऱ्या कुणाचं नाव ऐकून घेणार नाही. हे ती रागाने नाही, अगदी शांतपणे म्हणाली. त्याचीच मला भीती वाटली.

तेव्हा तमिळ लोकांचा आडी महिना चालू होता. आडीत इकडे लग्नाची बोलणी करत नाहीत, म्हणून घरी बोलावणं नाही. सहज भेटल्यासारखं बाहेर भेटू, असं ठरलं. तरुणला रविवारी सुट्टी मिळत नाही, म्हणून त्याच्याच पार्कात. ऐंशीच्या घरातल्या सोवळ्याओवळ्याच्या बाई वॉटर पार्कात येणार, याचं मला हसू आलं. पण ते मी गाडीत बोलले नाही.

रेस्टॉरंटचं नाव रोमा आणि बाहेर प्लास्टरचा कलता मनोरा, जो मुळात पिसाचा. मी काही बोलले नाही. आत भिंतीवर होड्यांची चित्रं, आणि ती व्हेनिसची. तरीही मी काही बोलले नाही. मधुवंती माझ्याकडे बघत होती आणि मी चांगली वागत होते.

राजसबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या, शेजारी अंबुजा आणि जयतीर्थराव. नऊवारी, कपाळावर माध्वांचा अक्षता-अंगार, म्हणजे काळी रेघ आणि लाल ठिपका, हाताशी घरून आणलेला पाण्याचा तांब्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मिरजेत अजून टांगे आहेत का ते विचारलं. त्यांचं मराठी जुनं, अधूनमधून तमिळ मिसळलेलं, पण ऐकायला फार गोड. मला त्या आवडल्या. आवडतील असं वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने आमच्या ह्यांना जयतीर्थराव पार्कातल्या लाटा दाखवायला घेऊन गेले. दोघेही साठीच्या आसपासचे, पण पोरांसारखे पँट दुमडत गेले. आमच्यासाठी मेनूतला पिझ्झा आला, पनीर आणि चेट्टिनाड मसाल्याचा. मी एक तुकडा खाल्ला. बूड ओलं, चीज रबरी, आणि मसाला असा की इटलीही नाही आणि चेट्टिनाडातली कारैकुडीही नाही. मिरजेच्या बेकरीतला पोऱ्याही असा पिझ्झा गिऱ्हाइकाला देणार नाही. हे सगळं मी मनात म्हणाले. तोंडाने म्हणाले, छान आहे. मधुवंतीने टेबलाखालून माझा हात दाबला.

मग राजसबाई हातपाय धुवायला उठल्या. अंबुजा आणि मधुवंती त्यांना धरून घेऊन गेल्या, आणि टेबलाशी मी एकटी राहिले.

तेवढ्यात चंद्रिका नावाची वाढणारी मुलगी एक झाकलेलं स्टीलचं ताट रेशमी कापडात धरून घेऊन आली, ते माझ्यासमोर ठेवलं आणि लगबगीने परत गेली. मी झाकण उचललं. आत पिझ्झा होता, निदान आकाराने तरी. पांढरा. टोमॅटो नाही, कांदा नाही, मिरची नाही, हिरवं पान नाही. वर दह्यासारखं काहीतरी पसरलेलं, त्यावर मिरपूड आणि जिरं, आणि मध्ये मध्ये काळपट काहीतरी. आजाऱ्याच्या खोलीतलं ताट वाटावं असा.

मला धक्काच बसला. मेनूतला वाईट पिझ्झा एक वेळ समजू शकते, हजार माणसांसाठी करायचा म्हटलं की हात सैल पडतो. पण हा? हा कुणी मुद्दाम करून पाठवला होता. माझ्या होणाऱ्या जावयाच्या स्वयंपाकघरातून. माझी जीभ वळवळायला लागली. आणि शपथ घेतली होती ती न बोलण्याची, न चाखण्याची नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. एक तुकडा उचलला, टोकाचा घास तोडला आणि उरलेला ताटात परत ठेवला. हाताची सवय, दुसरं काय.

घास तोंडात असतानाच मी चंद्रिकाला हाक मारली. तिला तमिळमध्ये विचारलं की तुमच्याकडे टोमॅटो संपले का. ती गोंधळली. मग मात्र मी सुटले. मिरजेचा काय असतो, बडोद्याचा काय, शिकागोचा काय आणि नेपल्सचा काय, सगळं सांगितलं. चार गावच्या चार तऱ्हा, पण प्रत्येकीला एक लाज असते, हा तर निर्लज्ज आहे, असंही म्हटलं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. शेफला बोलव म्हणाले. शेफ कोण ते मला चांगलं ठाऊक होतं. तरीही म्हणाले.

तरुण बाहेर आला. आम्ही आलो तेव्हा तो शेफच्या पांढऱ्या कोटात होता. आता अंगावर ओलं धोतर आणि उपरणं होतं, केस ओले. वॉटर पार्कात पुष्कळ माणसं ओली असतात, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ताटाकडे पाहिलं. त्या एका तोडलेल्या तुकड्याकडे. त्याचा चेहरा पडला.

"आंटी," तो अगदी हळू म्हणाला, "हा आजीचा होता."

मला अजूनही कळलं नाही. मी म्हणाले, बरं मग, तो एक तुकडा काढून टाका. तेवढ्यात अंबुजा परत येऊन माझ्या मागे उभी राहिली होती. तिनेच मला सांगितलं, आवाज न चढवता.

आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडतात, तेही सासूबाई होत्या तोवर. त्यांच्याकडे पहिला महिना शाकव्रताचा. भाजी म्हणून काही नाही. टोमॅटो नाही, मिरची नाही, कोथिंबिरीचं पान नाही. तिखट म्हणजे मिरी, आंबट म्हणजे वाळवलेली कैरी. राजसबाई हे व्रत लग्न होऊन आल्यापासून पाळतात. आणि जन्मात त्यांनी बाहेरचं काही खाल्लेलं नाही. म्हणजे नातू शेफ झाल्यापासून त्याच्या हातचा एक घासही नाही. तो हॉटेलात सगळ्या जगाला रांधतो, मांसमच्छीही रांधतो, आणि आजी त्याच्या हातचं पाणीही घेत नाही, हे त्या पोराचं दुःख होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आडीच्या आधी कधीतरी त्यानेच विचारलं होतं, सोवळ्यात, व्रताचं, नव्या भांड्यात केलं तर खाशील का. आणि त्या हो म्हणाल्या होत्या. पहिल्यांदाच. म्हणून तव्यापासून ताटापर्यंत सगळं त्याने घरून नवं आणलं होतं. दह्याने कणीक फुगवली होती, चक्का रात्रभर टांगला होता. मागच्या गोदामाशेजारी स्वतंत्र चूल मांडून, आंघोळ करून ओलेत्याने त्याने तो भाजला होता, आणि कुणाचा हात लागू नये म्हणून रेशमी कापडात धरून चंद्रिकाबरोबर आजीसाठी पाठवला होता. राजसबाई सकाळपासून उपाशी होत्या. त्या एकभुक्त. दिवसातून एकदाच जेवतात, आणि आजचं जेवण हेच होतं.

आणि मी ते उष्टं केलं होतं.

मी मराठी घरातली बाई आहे. उष्टं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. देवाच्या ताटात हात घालणाऱ्या पोरांच्या पाठीत मी धपाटे घातलेत. आणि आज पासष्ट माणसांसमोर, जीभ सैल सोडून, मीच ते केलं. दुसरा करा, मी म्हणाले, आत्ता करा, मी थांबते. कणीक तेवढीच होती, अंबुजा म्हणाली. चक्काही तेवढाच. शिवाय दुपार कलली की आई जेवत नाहीत.

राजसबाई मधुवंतीच्या हाताला धरून परत आल्या. धुतलेले हात पदराला न लावता तसेच वर धरले होते. मधुवंतीने ताट पाहिलं, मला पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

राजसबाईंना काय झालं ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्या खुर्चीत बसल्या, त्या तोडलेल्या तुकड्याकडे त्यांनी पाहिलं. मग धुतलेले हात मांडीवर ठेवले. मी त्यांच्या पायाशी वाकले, माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"बैस," त्या म्हणाल्या. "मज खातां येणार नाहीं. तूं खाल्लेंस. कसें झालें तें सांग."

मला वाटलं टोमणा आहे. पण तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच ऐकायचं होतं. त्यांनी तरुणकडे पाहिलं आणि तोही माझ्याकडेच बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. सोवळ्याचा स्वयंपाक करताना चाखत नाहीत. हॉटेलात दर भांड्यात चमचा बुडवून बघणाऱ्या त्या पोराने हे न चाखताच केलं होतं. कसं झालंय ते त्यालाही माहीत नव्हतं. सगळ्या जगात ती चव एका माझ्याच जिभेवर होती, आणि मी तर घास तोंडात असताना बडबडत होते. मला आठवेना काय लागलं ते.

मी तोच तुकडा परत उचलला. या वेळी गप्प बसून खाल्ला.

पहिल्यांदा बूड लागलं. खालून खुसखुशीत, वरून मऊ, दह्याची बारीक आंबूस चव असलेलं. मिरजेच्या बेकरीने असा पाव कधी भाजला नाही, आणि हे म्हणताना माहेर माझ्यावर रागावेल अशी भीती वाटली. मग चक्का, लोण्यासारखा. मिरी एकदम नाही, मागून, हळूच येत होती. जिथे टोमॅटोची आंबटगोड चव हवी, तिथे कैरी होती, मुरलेली, किंचित धुरकट, आणि काळपट दिसत होती ती भाजलेली मूगडाळ कुरकुरत होती. मी नेपल्सच्या पिझ्झ्यापाशी नेऊन पाहिला, बडोद्याच्या, शिकागोच्या. कुणापाशीच बसेना. तो त्यांच्या ओळीतला नव्हताच. माझा नियम त्या एका घासात मोडला.

हे सगळं मी सांगितलं. जसं लागलं तसं, एकेक. राजसबाई डोळे मिटून ऐकत होत्या. कणकेचं सांगितलं तेव्हा त्यांचे ओठ हलले. कैरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी आवंढा गिळला. सकाळपासूनची उपाशी म्हातारी बाई माझ्या तोंडून जेवत होती.

"मीठ?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

मधुवंतीने मानेने मला खुणावलं, नको म्हणून. तिला माझ्या जिभेची चांगलीच ओळख आहे. हो, नीट आहे, म्हणाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण या बाईला खोटं जेवू घालायचं कसं, तेही माझ्यामुळे उपाशी राहिल्यावर?

"कमी आहे," मी म्हणाले. "चक्क्यात घालायचं राहिलंय. आणि एका कडेला जास्त भाजलाय."

तरुणने मान खाली घातली. बाहेर पोरं लाटांत किंचाळत होती, तेवढाच आवाज. झालं, मी मनात म्हटलं, लेकीचं लग्न मी इथे या टेबलावर मोडलं, एकदा खाऊन आणि एकदा बोलून.

राजसबाईंनी डोळे उघडले. तरुणला जवळ बोलावलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या की लहानपणी भात लावायला शिकवला तेव्हाही तू मीठ विसरायचास. तो हसला आणि रडला, दोन्ही एकदम. नातवाच्या हातचं कसं आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. विचारलं की सगळे छान म्हणत आणि विषय बदलत.

मग त्या मधुवंतीकडे वळल्या. "तूंही अशीच का?"

"नाही आजी," मधुवंती नाक ओढत म्हणाली. "मी आधी विचारते."

"सेरी, ठीक. विचारून चाखणारी बरी," त्या म्हणाल्या, आणि तिचा हात आपल्या धुतलेल्या हातात घेतला. ते हात त्यांनी जेवायला धुतले होते.

मी उठायला लागले तर त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. त्याने मजसाठी केलेलं आहे, टाकायचं नाही, सगळं संपव, असं म्हणाल्या. मी नको नको म्हणत होते, पण त्यांच्या शब्दापुढे त्या घरात कुणाचं काही चालत नाही, आणि आता मीही त्या घरचीच होणार होते. आयुष्यभर मी एका घासावर निकाल दिला, कुणाची बशी कधी संपवली नाही. त्या दिवशी संपवली. मिरी डोळ्यांत गेली म्हणावं, तर मिरी मुळी तेवढी नव्हती.

राजसबाई तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत समोर बसून राहिल्या.

"पुढच्या खेपेस," त्या म्हणाल्या, "आधीं मी खाईन."